चेन्नाजम्माची जुडी

ही एकच काडी कुणी खोचली इथं? डासांसाठी? डास जातील, पण हिच्या जोडीला दुसरी लाव. आत्ता लाव. देवापुढं दोन आणि मेलेल्या माणसाच्या उशाशी एक, एवढं तरी घरात कुणी शिकवलं असेल तुम्हाला… हं. झालं? आता बसा. मध्ये मध्ये ‘आजोबा, खरं का?’ विचारायचं नाही. नंजनगूडात रथाच्या रस्त्यावर ऊदबत्त्या विकता विकता माझे केस पांढरे झाले. ज्याच्या घरी हे घडलं तो माझ्या दुकानासमोर चड्डी सावरत गोट्या खेळायचा. खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा.

सात वर्षं झाली. श्रावणातला शुक्रवार, वरमहालक्ष्मीच्या पूजेचा. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, पाऊस उघडला होता. दिवेलागणीच्या जरा आधी रुद्रेश दुकानात आला. बायकोनं पिटाळलं होतं त्याला, पूजेला चांगली ऊदबत्ती आणा म्हणून.

रुद्रेश मोटारसायकलच्या शोरूममध्ये मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, सगळ्यात हुशार आपणच असा चेहरा. आला तो एकेक पुडा उघडून काड्या नाकाला लावायला लागला.

“अरे, हुंगतोस काय?” मी म्हटलं. “हुंगलेलं फूल वाहशील का देवाला?”

“मग निवडायची कशी, काका?”

“बोटात फिरवून बघ. हात काळा झाला तर कोळसाच जास्त आहे. आणि वास कसा हवा, शेजारच्या खोलीत गेल्यावर आठवावा असा. शिंक आणणारी बत्ती देवाला नको असते, पाहुण्यांना हवी असते.”

त्यानं चार-पाच पुडे उलटेपालटे केले आणि सगळे परत ठेवले. “सगळ्यांना एकच वास, साबणाचा. राहू द्या. घरी आहे माझ्याकडे. तशी तुमच्या दुकानात मिळायची नाही.”

“कुणाच्या हातची?”

तो नुसता हसला आणि गाडीला किक मारून गेला. मलाही सणाची गिऱ्हाइकं होती.

आता ती बत्ती कुणाच्या हातची, ते ऐका.

रुद्रेशची आत्या, चेन्नाजम्मा. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि भावाच्या घरी परत आली. रुद्रेशची आई त्याला चालता येण्याआधीच गेली, तेव्हा पोराला हिनंच वाढवलं. दिवसभर पाटापुढं बसून बत्त्या वळायची. मसाल्याचा गोळा, बांबूची काडी, त्यावरून तळहात फिरवायचा, सर्र… सर्र… आणि पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या आवाजावर झोपायचं. चंदन, वाळा, दवणा, तिच्या हातांना कायम तो वास. त्याच बत्त्यांवर त्याची शाळा झाली, कॉलेज झालं. म्हातारीच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. दोन शब्द धड बोलली तर सूर्य पश्चिमेला उगवला असं वाटायचं.

पुढं रुद्रेशचं लग्न झालं, बंगला झाला, मुलगी झाली. चेन्नाजम्मा जुन्या घरीच राहिली. आमच्याकडे बाळाच्या कमरेला बारशाच्या दिवशी पहिला करगोटा आत्यानं बांधायचा. रुद्रेशला सख्खी बहीण नाही, म्हणजे तो मान चेन्नाजम्माचा. तिनं लाल दोरा स्वतःच्या मांडीवर पीळ देऊन वळला आणि बारशाला पायी निघाली.

दारात रुद्रेशची सासू उभी होती, सरोजम्मा. भरल्या कपाळाची, भरल्या अंगाची, आणि सगळ्या घरावर तिचाच वचक.

“थांबा जरा बाहेर,” ती म्हणाली. “सवाष्णींचं होऊ दे. मग या.”

चेन्नाजम्मा म्हणाली, “दोरा बांधायला आलेय मी. माझा मान आहे तो.”

“बांधलाय मी केव्हाच, काळा, चांदीचा मणी घालून. लेकराच्या पहिल्या दोऱ्याला असला हात कशाला लागायला हवा?”

रुद्रेश तिथंच उभा होता. फोनवर बारशाचं शूटिंग करत. चेन्नाजम्मानं त्याच्याकडे पाहिलं. “रुद्रा?”

तो फोनकडे बघत म्हणाला, “आत्या, पाच मिनिटं गं. उगाच आज…”

एवढंच. त्याला लाज वाटली होती, पण तोंड उघडलं नाही. म्हातारीनं दोरा मुठीत घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ऐक रुद्रा. लक्ष्मीला बोलावतात तसं, उंबऱ्यावर धूप धरून, ‘ये आई’ म्हणशील तेव्हाच या घरात पाय टाकीन. आणि आले की माझं काम करूनच जाईन. मग कोण अडवतं बघते.”

“सुंभ जळाला तरी पीळ जात नाही बाई,” सरोजम्मा मागून म्हणाली, आणि बायका हसल्या.

दीड महिन्यात चेन्नाजम्मा गेली. पाटाशीच आडवी झालेली सापडली. उशाला तिच्या हातची एक जुडी होती. आयुष्यभर बत्त्या वळणाऱ्या बायका आपल्या शेवटच्या दिवसासाठी अशी एक जुडी करून ठेवतात. त्यातली एक काडी उशाशी लावायची, बाकीची जुडी चितेवर ठेवायची. ती घरी आणायची नसते. कपिला नदीच्या काठी अग्नी द्यायला रुद्रेशच होता. जुडी त्याच्या हातात दिली गेली. तिला लाल दोरा बांधलेला. बारशाचाच दोरा… जुडीला बायका मारतात ती गाठ, जिचं टोक कुठं गेलं ते परक्याला दिसतही नाही.

त्यानं जुडी नाकाला लावली. पोरवयातलं सगळं त्या वासात होतं. ती जळून जाणार, हे त्याला सोसवेना. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं ती शर्टाच्या आत घातली. वाईट हेतू नव्हता रे त्याचा. जिवंतपणी जे तोंडानं बोलता आलं नाही, ते निदान वासाच्या रूपानं तरी जपू, असं वाटलं असेल. पण जिवंतपणी आत घेतलं नाही आणि मेल्यावर चोरून आणलं, याला काय म्हणायचं?

तर तो शुक्रवार.

हॉलमध्ये लक्ष्मी बसवायची तयारी झाली होती. चौरंग, त्यावर तांदूळ, कलशाला नेसवलेली हिरवी साडी, वर नारळ, नारळाला चांदीचा मुखवटा. दारापासून चौरंगापर्यंत तांदळाच्या पिठाची इवलीशी पावलं काढलेली. आतल्या खोलीत साडीच्या झोळीत पाच महिन्यांची मान्वी झोपलेली. सरोजम्मा सकाळपासून ठाण मांडून होती.

रुद्रेशनं कपाटातून जुडी काढली. गाठ सुटेना, तेव्हा दोरा न सोडताच दोन काड्या ओढून घेतल्या.

“हे कुठून आणलंत?” बायकोनं विचारलं. पुष्पलता तिचं नाव.

“आहे एका ओळखीच्याकडची.”

“वास बाकी छान आहे हो.”

पुष्पलता कलश घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. रुद्रेश तिच्या शेजारी, पेटलेल्या दोन काड्या धरून. सरोजम्मानं आतून आरती ओवाळली आणि पुष्पलता दरवर्षीसारखं म्हणाली, “ये आई. उजवं पाऊल टाकून आत ये. हे घर तुझं. घरातलं लेकरू तुझं.”

धूर वर गेला नाही. रुद्रेशच्या मनगटावरून खाली उतरला, उंबरा ओलांडला आणि पिठाच्या पावलांवरून आत गेला. वारा असेल, असं त्याला वाटलं. वारा नव्हता.

पूजा झाली. हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या. हसणं, खिदळणं, ओबट्टूचा म्हणजे पुरणपोळीचा वास, बांगड्यांचा आवाज. शेवटी शेवटी तायम्मा आली. चेन्नाजम्माच्या शेजारी बसून जन्मभर बत्त्या वळलेली बाई. ती उंबऱ्यातच थबकली. नाक वर केलं.

“ही बत्ती कुणाची?”

“विकतची,” रुद्रेश म्हणाला.

“अशी विकत मिळत नाही, बाबा.” तिची नजर चौरंगाशेजारी ठेवलेल्या जुडीवर गेली. लाल दोऱ्यावर गेली. तिनं कुंकवासाठी पुढं केलेली मान मागं घेतली.

सरोजम्मा चिडली. “काय झालं? कुंकू नको?”

“हिला उंबऱ्यावरून बोलावलंत?” तायम्मानं हळूच विचारलं.

पुष्पलतेनं उंबऱ्याकडे बघितलं.

“मग तिला रिकाम्या हातानं पाठवू नका,” ती म्हणाली आणि पाठ न फिरवता, मागच्या मागं पायऱ्या उतरून गेली.

साडेनऊ झाले असतील. दार लावलं. सरोजम्मा ताटल्या आवरत तायम्माला शिव्या घालत होती. “सणासुदीला अपशकुन. म्हातारचळ नुसता.”  रुद्रेश काड्यांकडे बघत होता. संध्याकाळी लावलेल्या त्या दोन काड्या. त्यांच्यानंतर कुणी दुसरी लावली नव्हती. एव्हाना विझून, राख होऊन, थंड पडायला हव्या होत्या.

एक विझली होती.

दुसरी जळत होती. राख पूर्ण उंचीची, सरळ उभी, आणि टोकाला लाल ठिपका.

एकच.

“पुष्पा,” तो म्हणाला. “मान्वी झोपलीय ना?”

“हो. का?”

“बघून ये.”

ती निघाली आणि दोन पावलांवर थांबली. खाली बघत. पिठाची पावलं फिसकटली होती. इतक्या बायका आल्या-गेल्या, फिसकटणारच. पण त्यांच्यावर एक माग वेगळा होता. म्हाताऱ्या पायांचा, टाचांना भेगा पडलेल्या. उंबऱ्यापासून निघालेला. चौरंगाकडे न वळता सरळ आतल्या खोलीकडे गेलेला.

पहिलं पाऊल डावं होतं.

“आई,” पुष्पलता म्हणाली. “आई, इकडं ये.”

सरोजम्मा आली. तिनं पावलं पाहिली. मग कशाला कोण जाणे, वर चौरंगाकडे पाहिलं. मुखवट्याचं तोंड दाराकडे करून बसवलं होतं. आता ते आतल्या खोलीकडे होतं.

आणि मग आवाज आला.

सर्र…

सर्र…

ओल्या मसाल्यावरून फिरणारा तळहात. घरात पाट नव्हता. मसाला नव्हता.  या आवाजावर रुद्रेश आठ वर्षांचा होईपर्यंत झोपला होता.

तो धावला. खोलीत दिवा होता, तरी झोळी नीट दिसेना. धूर. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. झोळी हलत होती. सर्र… इकडे. सर्र… तिकडे. पोरगी रडत नव्हती. त्यानं झोळीची साडी फाकवली. आत धूर भरलेला, आणि धुरात मान्वीचे डोळे टक्क उघडे. त्याच्याकडे नाही. त्याच्या खांद्यामागं.

तिचे ओठ निळे पडले होते.

त्यानं तिच्या काखांत हात घातले. उचललं… उचलेना. पाच महिन्यांचं पोर ते. दुसऱ्या बाजूनं कुणी धरल्यासारखं. “सोड,” तो म्हणाला. “आत्या, सोड तिला. मी तुला बोलावलं नव्हतं. लक्ष्मीला बोलावलं होतं.”

आवाज थांबला.

झोळीही थांबली. अर्धवट. एका अंगाला झुकलेली… तशीच.

खोटं बोलला होता तो, आणि त्याला ते कळलं. उंबऱ्यावर धूप कुणी धरला होता? ‘ये आई’ कुणाच्या बायकोनं म्हटलं होतं? बाई दिलेला शब्द पाळून आली होती.

“ओटी,” पुष्पलता मागून म्हणाली. “तायम्मा म्हणाली, रिकाम्या हातानं पाठवू नका.” तिनं ताट उचललं. खण, नारळ, तांदूळ, हळद, कुंकू.

सरोजम्मानं तिचं मनगट धरलं. “विधवेची ओटी? लक्ष्मीसमोर? तुझं सौभाग्य…”

“हात सोड, आई.”

“अगं पण…”

“तू तिला दारातून घालवलंस. आता ती आत आहे. माझी पोरगी श्वास घेत नाहीये. हात सोड.”

सरोजम्मानं हात सोडला.

पुष्पलता धुरात गेली. झोळीच्या पलीकडं, जिथं कुणीच नव्हतं, तिथं तिनं ताट पुढं केलं. “आत्या,” ती म्हणाली, “चुकलं आमचं. ओटी घ्या. पोर ठेवा.”

काही नाही.

रुद्रेश गुडघ्यांवर बसला. त्याला रडू फुटलं होतं. “आत्या… तेव्हा मी गप्प बसलो. मान तुझाच होता.”

काही नाही…

मग ताट हलकं झालं. पुष्पलता अजून सांगते, कुणी काही उचललं नाही, ताट नुसतं हलकं झालं. बघते तर रिकामं. झोळी सुटली, सरळ झाली, आणि पोरगी खोकली. एकदा. दोनदा. मग असं भोकाड पसरलं तिनं की शेजाऱ्यांचे दिवे लागले. रुद्रेशला आयुष्यात कुठल्या आवाजाचा एवढा आनंद झाला नसेल.

हॉलमधली काडी विझली होती. राख मात्र उभीच होती.

त्यानं सकाळपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. ती जुडी, दोऱ्यासकट, ऊदबत्तीच्या राखेसकट फडक्यात गुंडाळली, त्यात दगड घातला आणि तसाच गाडीवरून कपिलेवर गेला. श्रावणातली नदी, दुथडी भरलेली. घाटाच्या मधल्या पायरीवरून फेकलं. बुडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. येताना माझं दार ठोठावलं त्यानं. मी त्याला पाणी दिलं. जे सांगितलं ते तुम्हाला सांगितलं. मी म्हटलं, “ओटी घेतली ना? मग झालं. तिचं समाधान झालं.” मला तरी तसंच वाटलं होतं.

सकाळी सरोजम्मानं सडा टाकायला दार उघडलं. उंबऱ्याच्या बाहेर खण होता, घडीसुद्धा न मोडलेला. नारळ होता. तांदळाची नीट रास होती. हळद, कुंकू, सगळं. ओटी परत केली होती बाईनं. जाताना त्यांच्या घरचं काही नेलं नव्हतं.

आणि तांदळाच्या राशीवर मान्वीचा करगोटा होता. सरोजम्मानं बारशाला बांधलेला, काळा, चांदीच्या मण्याचा. तुटलेला नव्हता. सुटलेला नव्हता. गाठ जशीच्या तशी, अख्खं कडं. पोराच्या अंगावरून तसा कसा काढता येईल, ते मला विचारू नका.

सरोजम्मानं सड्याची बादली तिथंच ठेवली. ती आत गेली आणि झोळीतल्या पोरीचं झबलं वर केलं.

कमरेला लाल दोरा होता. मांडीवर पीळ देऊन वळलेला. नदीच्या पाण्यानं अजून ओला.

त्याच दिवशी सरोजम्मा आपल्या गावी निघून गेली. पुन्हा त्या उंबऱ्यावर आली नाही. दोरा कापायची कुणाची छाती झाली नाही. गाठ सोडायला त्यांनी तायम्माला बोलावलं. तिनं बघितलं आणि हात मागं घेतले, “माझ्यानं सुटायची नाही,” म्हणाली.

मान्वी आता दुसरीत आहे. दुकानावरून शाळेत जाते, खडीसाखर मागते. मागच्या महिन्यात रुद्रेश तिला घेऊन आला होता. मी म्हटलं, दाखव. त्यानं दाखवला. पाच महिन्यांच्या पोराच्या कमरेला बसलेला तो दोरा. तोच लाल, तोच पीळ, तीच गाठ. मध्ये जोड नाही, मी चष्मा लावून बघितलं.

पोर वाढलीय. आणि दोरा… सैलही नाही, घट्टही नाही.